डार्विनच्या घरातला प्रश्न

आमची आई तिच्या सासूला शेवटपर्यंत आत्या म्हणत असे. लग्नाआधी ती तिची आत्याच होती. आई ही माझ्या वडिलांची सख्खी मामेबहीण. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात यात कुणाला काही वावगे वाटत नसे. उलट मामाची मुलगी हक्काची, अशीच समजूत. घरातली मुलगी घरातच राहते, जमीनजुमल्याला फाटे फुटत नाहीत, सुनेला परकेपणा वाटत नाही, असे कितीतरी हिशेब त्यामागे असत आणि त्यातले काही खरेही असत.

आम्ही तीन भावंडे. मी थोरली, मग भाऊ आणि सर्वांत धाकटी बहीण. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हते आणि त्यामुळे बोलणेही आले नाही. ती दोन वर्षांची होईपर्यंत ही गोष्ट घरात कुणाच्या नीट ध्यानात आली नाही. आली तेव्हा कारणांचा शोध सुरू झाला. कुणी पूर्वजन्मीच्या पापावर बोट ठेवले, कुणी कुलदैवताचा फेडायचा राहिलेला नवस काढला. आईला मात्र तिचे स्वतःचे कारण सापडले होते. धाकटीच्या वेळी दिवस गेलेले असताना ग्रहण लागले आणि त्या ग्रहणात तिने विळीवर भाजी चिरली होती. घरी पाहुणे होते, आजीचे लक्ष नव्हते, हिला आठवण राहिली नाही. एवढीच गोष्ट. पण आईने ती मनाशी धरली आणि पुढची पन्नास वर्षे सोडली नाही.

मी शिकले, बी. एस्सी. झाले आणि तालुक्याच्या गावी शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. धाकटीच्या बहिरेपणाचे खरे कारण बहुधा काय असावे, हे मला कॉलेजात असतानाच उमगले होते. ते मी आईला सांगितले नाही. ग्रहणाचा दोष नाही हे सांगायचे तर मग दोष कशाचा, हेही सांगावे लागणार. आणि त्याचे उत्तर तिच्या लग्नापाशी जाऊन थांबणार. एक ओझे उतरवून दुसरे तिच्या डोक्यावर ठेवायचे, हे मला जमले नाही.

निवृत्तीनंतर एका माणसाचे चरित्र सावकाश वाचले, तेव्हा ध्यानात आले की नेमका हाच प्रश्न त्याच्याही घरात होता. त्यानेही मामाच्या मुलीशी लग्न केले होते. त्याचीही मुले आजारी पडत होती, त्यातली तीन गेली, आणि आपल्या लग्नाचा याच्याशी काही संबंध आहे का, या विचाराने त्याची झोप उडत होती. हा माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. त्याचे नाव घेतले की आपल्याला माकड आठवते. मला आता त्याचे घर आठवते.

मामाने सोडवलेला पेच

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरी या गावचा. वडील नामांकित डॉक्टर, भारदस्त आणि करड्या शिस्तीचे. आई वेजवुड घराण्यातली. चिनी मातीच्या भांड्यांसाठी जगभर नाव असलेले हे घराणे. चार्ल्स आठ वर्षांचा असतानाच ती वारली. आईविना वाढलेल्या या मुलाला आजोळचा मोठा आधार होता. सुटी लागली की स्वारी मामाच्या गावाला. तिथे शिकार होती, घोडे होते आणि मामेभावंडांची फौज होती. त्यातली सर्वांत धाकटी एमा, चार्ल्सहून काही महिन्यांनी मोठी.

शिक्षणात या मुलाने बापाला फारसे सुख दिले नाही. डॉक्टर होण्यासाठी त्याला १८२५ साली एडिंबराला पाठवले. भूल देण्याचे औषध निघण्याआधीचे ते दिवस. एका लहान मुलावरची शस्त्रक्रिया पाहताना तो जो खोलीबाहेर पडला, तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. मग धर्मोपदेशक करावे म्हणून केंब्रिजला धाडले. तिथे त्याचा जीव पुस्तकांपेक्षा भुंगेऱ्यांत रमला. दोन हातांत दोन दुर्मीळ भुंगेरे धरलेले असताना तिसरा दिसला, तेव्हा हातातला एक त्याने चक्क तोंडात टाकला! त्या किड्याने तोंडात जळजळीत रस सोडला आणि तिसरा तर गेलाच, तोंडातलाही थुंकावा लागला.

१८३१ साली पदवी हाती पडली आणि त्याच उन्हाळ्याच्या शेवटी एक पत्र आले. बीगल नावाचे जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करायला निघणार होते. त्यावर निसर्ग अभ्यासक म्हणून येतोस का? वडिलांनी साफ नकार दिला. मात्र एखादा समंजस माणूस याला योग्य म्हणाला तर मी विचार करीन, एवढी फट ठेवली. चार्ल्सने गाठले मामाचे घर. मामाने मेहुण्याच्या एकेका आक्षेपाला शांतपणे उत्तर दिले आणि परवानगी मिळवून दिली. मामाने त्या दिवशी बाजू घेतली नसती तर चार्ल्स डार्विन हे नाव एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या दप्तरात राहिले असते.

पाच वर्षांची प्रदक्षिणा

२७ डिसेंबर १८३१ ला निघालेले जहाज २ ऑक्टोबर १८३६ ला परतले. या जवळपास पाच वर्षांत समुद्र लागून तो कायम हैराण असे. पण जमिनीवर पाय पडला की त्याचे डोळे काम करू लागत. दक्षिण अमेरिकेच्या मातीतून त्याने प्रचंड प्राण्यांची हाडे उकरली. ते प्राणी केव्हाच नाहीसे झालेले, पण त्यांची ठेवण त्याच भूमीवर आज हिंडणाऱ्या लहान प्राण्यांशी जुळणारी. १८३५ च्या फेब्रुवारीत चिलीत भूकंप झाला आणि समुद्रकाठची जमीन काही फूट वर उचललेली त्याने स्वतः पाहिली. म्हणजे पृथ्वी बदलते. मग तिच्यावरचे जीव तेवढे होते तसेच राहत असतील का?

त्याच वर्षी सप्टेंबरात जहाज गालापागोस बेटांवर पोहोचले. तिथला मुक्काम जेमतेम पाच आठवड्यांचा. एका बेटावरचा मॉकिंगबर्ड हा पक्षी शेजारच्या बेटावरच्यापेक्षा वेगळा आहे, हे त्याने टिपले. फिंच नावाचे छोटे पक्षीही त्याने गोळा केले, पण कोणता कोणत्या बेटावरचा हे नीट लिहून ठेवायचे राहून गेले. पाठ्यपुस्तके सांगतात तसा तिथे काही एका क्षणात साक्षात्कार झाला नाही. लंडनला परतल्यावर जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने तपासून सांगितले, की चोचींनी इतके निराळे दिसणारे हे पक्षी जवळच्याच नात्यातल्या, पण वेगवेगळ्या जाती आहेत. कुणाची चोच टणक बी फोडण्याजोगी जाड, कुणाची किडे टिपण्याजोगी बारीक. एका घराण्यातली भावंडे वेगवेगळ्या गावी जाऊन वेगवेगळ्या धंद्यांत पडावीत, तसा हा प्रकार. १८३७ साली त्याने वहीत एका झाडाचे चित्र काढले. सगळे जीव म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या.

पण हे होते कसे? त्याची किल्ली १८३८ साली हाती आली, माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना. हा माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्लंडमधल्या कॉलेजात प्राध्यापक होता. आपल्याकडे राज्य करायला येणारे साहेब त्याच्या हाताखाली शिकून येत. माणसे वाढतात त्या वेगाने अन्न वाढत नाही, हे त्याचे म्हणणे. डार्विनने ते साऱ्या सजीवांना लावून पाहिले आणि कोडे सुटले.

न निवडणाऱ्याची निवड

वाचकहो, ते उत्तर इतके साधे आहे की आपल्या शेतावरही सापडेल. सुगीच्या दिवसांत जाणता शेतकरी टपोऱ्या दाण्यांची कणसे बियाण्यासाठी बाजूला काढतो. पुढच्या वर्षी तीच पेरतो. असे पिढ्यान्‌पिढ्या केले की वाणच बदलतो. डार्विनने पुढे स्वतः कबुतरे पाळून, कबुतरबाजांच्या मंडळांत ऊठबस करून ही निवड जवळून पाहिली. प्रश्न एवढाच, की रानात हे काम कोण करतो?

कुणीच करत नाही. एकाच आईच्या पोटची पिले सारखी नसतात. त्यांच्यातले काही फरक पुढच्या पिढीत उतरतात. जन्माला येतात त्या सगळ्यांना पुरेल इतके अन्न आणि जागा नसते, म्हणून पुष्कळशी पिले न वाढताच मरतात. ज्यांचा फरक त्या ठिकाणी, त्या वेळी उपयोगी पडतो, त्यांची मुले इतरांपेक्षा थोडी जास्त उरतात. हे ‘थोडे जास्त’ हजारो पिढ्या साठत गेले की जात बदलते. हीच नैसर्गिक निवड. नाव निवड असले तरी निवडणारा त्यात नाही.

इथे एक कबुली देते. पहिली काही वर्षे मी वर्गात सांगत असे, की उंच झाडांचा पाला खायचा म्हणून जिराफाने मान ताणली आणि ती लांब झाली. हे चूक आहे. गरज आहे म्हणून कुणाच्या अंगात बदल होत नाही आणि ताणलेली मान मुलाला वारशाने मिळत नाही. आधी लहानमोठ्या मानांची पिले जन्मतात आणि मग त्यांतली काही टिकतात. फरक आधी, निवड नंतर. आणि तो फरक जन्माला येताना कुणाच्या सोयीचा विचार करून येत नाही.

विदर्भातल्या कापूस उत्पादकांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. किडीला मारणारे विष ज्याच्या अंगातच आहे, असा बीटी कापूस २००२ साली देशात आला. गुलाबी बोंडअळ्यांच्या कोट्यवधींच्या संख्येत मोजक्याच अळ्या अशा, की त्यांना ते विष बाधत नव्हते. बाकीच्या मेल्या, या उरल्या आणि यांचीच प्रजा वाढली. २०१७ साली त्याच कापसाच्या बोंडांत गुलाबी अळ्या वळवळताना दिसल्या. अळी काही हुशार झाली नव्हती. तिने ठरवलेही काही नव्हते.

लग्न आणि साटेलोटे

हा विचार डोक्यात घोळत असतानाच स्वारी लग्नाचा विचार करू लागली. त्याचीही पद्धत शास्त्रज्ञाचीच. एका कागदावर दोन रकाने आखले. लग्न केले तर म्हातारपणी सोबत आणि घरात गोडवा. केले तर वेळेचा नाश आणि पुस्तकांना पैसा उरणार नाही. हिशेब अखेर लग्नाच्या बाजूने पडला आणि २९ जानेवारी १८३९ ला त्याने एमाशी, म्हणजे मामाच्या मुलीशी लग्न केले. त्याआधी दीड वर्ष एमाच्या भावाने चार्ल्सच्या बहिणीशी लग्न केलेच होते. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात. इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांतही ते चालत होते, आणि कारणेही आपलीच. माणसे माहितीतली, संपत्ती घरातली.

संसार सुखाचा झाला. एमा श्रद्धाळू होती आणि नवऱ्याच्या विचारांची दिशा तिला ठाऊक होती. परलोकात आपली ताटातूट होईल, ही तिची भीती. त्याने तिच्यापासून काही लपवले नाही आणि तिने त्याला कधी अडवले नाही. १८४२ साली ते लंडनजवळच्या डाऊन नावाच्या खेड्यात राहायला गेले आणि उरलेला जन्म त्याने तिथेच काढला. जगभर हिंडून आलेला हा माणूस पुढे कायम आजारी राहिला. उलट्या, थकवा, छातीत धडधड. उचलली पेन आणि लिहिले, असे दिवसाचे दोन-तीन तासच त्याच्या वाट्याला येत.

त्यांना दहा मुले झाली. त्यातली मेरी तीन आठवड्यांत गेली. दुसरी अ‍ॅनी, बापाची लाडकी. त्याच्या केसांशी खेळणारी, त्याच्यासोबत बागेत फेऱ्या मारणारी. नऊ वर्षांची झाल्यावर तिची प्रकृती ढासळू लागली. बापाने तिला जलोपचारांसाठी मालव्हर्न या गावी नेले. एमाचे दिवस भरत आले होते, तिला घराबाहेर पडता येईना. तो रोज पत्रातून मुलीची हालहवाल कळवत राहिला. २३ एप्रिल १८५१ ला दहा वर्षांची अ‍ॅनी गेली. एमाने तिची लिहिण्याची पेटी शेवटपर्यंत जपून ठेवली. डार्विनने तिच्या आठवणी लिहून काढल्या आणि त्यानंतर तिच्याबद्दल तो क्वचितच बोलला.

मूल गेले की आईबाप कारण शोधतात. एखादा देवाची इच्छा म्हणून हात जोडतो, एखादा स्वतःला दोष देतो. डार्विनजवळ यातले पहिले उरले नव्हते. दुसरे मात्र होते, आणि ते त्याच्या स्वतःच्या अभ्यासातूनच आले होते. जनावरांत जवळच्या नात्यात पैदास करत राहिले की वंश दुबळा होतो, हे पशुपालक त्याला सांगत होते. मग आपली मुले? मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून त्याची ही धास्ती पुनःपुन्हा डोकावते.

वीस वर्षे आणि एक लिफाफा

सिद्धांताचा आराखडा त्याने १८४२ साली लिहिला, १८४४ साली वाढवला आणि कपाटात ठेवून दिला. आपण गेलो तर ४०० पौंड खर्चून हे छापून घे, असे एमासाठी लिहून ठेवले. मग आठ वर्षे तो समुद्रातल्या खडकांना चिकटणाऱ्या बार्नॅकल या शिंपल्यासारख्या जीवांच्या मागे लागला. आपण जे सांगणार त्याने लोकांची मने दुखावतील, घरातल्या एमाचेही, हे तो ओळखून होता. म्हणून पुरावा इतका हवा, की कुणाला नुसते बोट ठेवायलाही जागा राहू नये. जगाच्या कानाकोपऱ्यांतून तो पत्रांनी माहिती मागवी. आपल्याकडच्या प्राण्यांबद्दल कोलकात्याहून एडवर्ड ब्लाइथ त्याला लांबलचक पत्रे लिही.

१८५८ च्या जूनमध्ये एक लिफाफा आला. आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवर फिरणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेस या तरुण अभ्यासकाने आपला निबंध अभिप्रायासाठी पाठवला होता. डार्विन वाचतो तो काय, वीस वर्षे आपण जपलेला विचारच समोर कागदावर! त्याच दिवसांत घरात तापाची साथ होती. धाकटा चार्ल्स, दीड वर्षाचा, अजून चालू-बोलू न लागलेला, २८ जूनला गेला. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत मित्रांनी दोघांचे लेखन एकत्र वाचून दाखवले. सभेला डार्विन नव्हता. त्या दिवशी तो मुलाला मूठमाती देत होता.

त्याचे पुस्तक २४ नोव्हेंबर १८५९ ला निघाले आणि १,२५० प्रतींची आवृत्ती पहिल्याच दिवशी पुस्तकविक्रेत्यांनी उचलली. पुढचे वादळ सर्वांना ठाऊक आहे. त्या गदारोळात वॉलेस आणि डार्विन यांची मैत्री मात्र जन्मभर टिकली, हे सांगायला हवे.

उत्तर मिळाले, पण अर्धे

घरातला प्रश्न डार्विनने सोडला नाही. १८७० साली, पुढच्या वर्षीच्या जनगणनेत नवराबायको सख्खे मामे, आते, चुलत किंवा मावस भावंड आहेत का, एवढा एक प्रश्न घालावा, असा प्रयत्न त्याने शेजारी राहणाऱ्या जॉन लबक या खासदारामार्फत केला. पार्लमेंटने तो फेटाळला. खाजगी गोष्टीत सरकारने का डोकावावे, हा सूर. मग त्याच्या मुलाने, जॉर्जने, जमेल ती आकडेवारी गोळा करून १८७५ साली निबंध लिहिला. परिणाम असला तरी लोक समजतात तेवढा मोठा नाही, असा त्याचा साधारण निष्कर्ष होता. डार्विनने स्वतः अकरा वर्षे पन्नासहून अधिक जातींच्या रोपांवर प्रयोग केले. स्वतःच्याच परागाने धरलेल्या बियांची रोपे आणि परक्या रोपाच्या परागाने धरलेल्या बियांची रोपे शेजारीशेजारी वाढवून मोजली. परक्याची बहुधा उंच आणि जोमदार निघाली. हे पुस्तक १८७६ साली आले.

असे का होते, ते मात्र त्याला कधीच कळले नाही. ज्याला ते कळण्याची वाट सापडली होती, तो मेंडेल नावाचा धर्मगुरू, मध्य युरोपातल्या ब्रून गावच्या मठात वाटाणे लावत होता. त्याचा निबंध १८६६ साली छापलाही गेला. पण जगाचे त्याच्याकडे लक्ष गेले ते १९०० साली.

आज आपल्याला ठाऊक आहे, की आपल्याकडे बहुतेक जनुकांची जोडी असते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. अगदी धडधाकट माणसाच्या अंगातही काही बिघडलेली जनुके असतात. जोडीतले दुसरे चांगले असले तर बिघडलेले गप्प राहते. पुस्तकी भाषेत ते अप्रभावी. नात्याबाहेरच्या जोडीदाराकडे नेमके तेच बिघडलेले जनुक असण्याचा संभव कमी. पण आते-मामेभावंडांना ते एकाच आजोबांकडून किंवा आजीकडून आलेले असू शकते. दोघांकडे असले तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेली येण्याची शक्यता चारांत एक. मी ऐकते, भाऊ ऐकतो, धाकटीला ऐकू येत नाही. फासा तिच्यावर पडला. त्यात पाप नव्हते आणि विळीही नव्हती.

अशा लग्नांतून होणारी बहुतेक मुले निरोगीच असतात, हेही सांगायला हवे. गंभीर जन्मजात दोषाचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. डार्विनची सात मुले मोठी झाली आणि त्यातली तीन पुढे सर पदवीचे मानकरी ठरली. पण धोका आहे तो आहे. नात्यात लग्न ठरत असेल तर आधी आनुवंशिकतेच्या जाणकार डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाळाच्या कानांची तपासणी आता जन्मानंतर काही दिवसांतच करता येते, ती करून घ्यावी. आमच्या घरी दोन वर्षे वाया गेली, तशी कुणाची जाऊ नयेत.

डार्विनच्या नावावर पुढे पुष्कळ भलते खपवले गेले. नैसर्गिक निवड म्हणजे बळी तो कान पिळी, असे समजून दुबळ्यांना जगण्याचा हक्कच नाही म्हणणारे निघाले. त्याच्या एका मुलाने, लिओनार्डने, माणसांचा वंश निवडून सुधारू पाहणाऱ्या संस्थेचे अध्यक्षपद वर्षानुवर्षे सांभाळले. स्वतः डार्विनही व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या पूर्वग्रहांपासून मुक्त नव्हता. पण त्याच्या सिद्धांतात लायक म्हणजे बलवान नव्हे. लायक म्हणजे त्या जागी, त्या वेळी जुळणारा, बस्स. निसर्ग कुणाला बक्षीस देत नाही आणि शिक्षाही करत नाही. आपण एकमेकांशी कसे वागावे, हे त्याला विचारायचेच नसते. असहायाला मदत करण्याची माणसातली ओढ हा आपल्यातला सर्वांत उदात्त भाग आहे, असे स्वतः डार्विनचेच मत होते.

गांडुळे आणि पियानो

त्याचे शेवटचे पुस्तक १८८१ साली आले, गांडुळांवर. म्हाताऱ्या डार्विनने घरात मातीच्या कुंड्यांत गांडुळे पाळली. त्यांना ऐकू येते का हे पाहायला शिटी फुंकली, पियानो वाजवला, मुलगा फ्रान्सिसने बसून हे मोठे वाद्य वाजवले. गांडुळे ढिम्म. मग त्याने कुंड्या पियानोवरच ठेवल्या आणि सूर वाजताच गांडुळे बिळात शिरली. कान नसले तरी थरथर त्यांच्या अंगाला कळत होती. ज्या मातीवर आपण सगळे उभे आहोत ती असल्या नगण्य जीवांनी पिढ्यान्‌पिढ्या भुसभुशीत केली आहे, हे त्या पुस्तकाचे सार. हे वाचताना मला धाकटी आठवली. गणपतीच्या मिरवणुकीत ती अनवाणी उभी राहते. ढोल तिला पायांनी कळतो.

१९ एप्रिल १८८२ ला डार्विन गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत, न्यूटनच्या जवळ त्याला जागा मिळाली. एमा त्यानंतर चौदा वर्षे जगली.

धाकटीचे लग्न नात्याबाहेरच्या घरात झाले. शिवणकामावर तिने संसार उभा केला. तिची दोन्ही मुले ऐकतात आणि भरपूर बोलतात. आईने त्याचे श्रेय स्वतःच्या सोमवारांना दिले. आई जाण्याआधीच्या वर्षी एका दुपारी मी तिला डार्विनची ही सगळी गोष्ट सांगितली. मामाची मुलगी, दहा मुले, अ‍ॅनी, रोपे, वाटाणे, सगळे. कुणाचा दोष नसतो, हेही सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की त्या देशात बायका ग्रहण पाळतात का? पाळत नाहीत, असे मी म्हणाले. तरी त्या बाईची मुले गेली? हो, तरी गेली.

त्यानंतर आई बराच वेळ बोलली नाही. ग्रहणाचा विषयही तिने माझ्यापाशी पुन्हा काढला नाही. तिच्या मनातून तो पुरता गेला असेल, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. डार्विनने आपले उत्तर वीस वर्षे कपाटात ठेवले, कारण त्याला पुरावा कमी वाटत होता. माझ्याजवळ पुरावा होता आणि मी त्याहून अधिक वर्षे गप्प बसले. ज्यांच्या घरी एखादी आई असे ओझे उरावर घेऊन बसली असेल, त्यांनी एवढा उशीर करू नये.